तारामाशांच्या मरणाचा जमाखर्च

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तारामासे २०१३ सालच्या उन्हाळ्यापासून ज्या रोगाने झिजून, अक्षरशः विरघळून मरू लागले, त्या रोगाचे कारण ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे पुरत्या बारा वर्षांनंतर, शास्त्रज्ञांच्या हाती लागले. ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा आपल्याकडे त्याची फारशी वाच्यता झाली नाही, आणि त्यात नवल करण्याजोगेही काही नाही. समुद्राचा वारा न लागणाऱ्या पुण्यासारख्या शहरातील वाचकाला प्रशांत महासागराच्या थंड पाण्यात राहणाऱ्या, मेंदू नसलेल्या आणि रक्तही नसलेल्या एका प्राण्याचे सोयरसुतक असावे अशी अपेक्षा धरणेच अन्यायाचे होईल. तथापि या प्रकरणात रोगाइतकाच मनोवेधक असा दुसरा एक भाग आहे, आणि तो पैशाचा आहे. ज्या प्राण्याचे मांस बाजारात विकले जात नाही, ज्याचा रोग माणसाला होत नाही आणि ज्याच्या मरणाने कोणाच्या गोठ्यातले जनावर दगावत नाही, त्याच्या रोगाचे निदान करण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? या प्रश्नाशी पुणे शहराचा संबंध सुमारे पाऊणशे वर्षांचा आहे. तो प्रथमदर्शनी दिसत नाही, एवढेच.

आधी रोगाची हकीकत सांगितली पाहिजे. तारामासा हा कंटकचर्मी प्राणिसंघातला, म्हणजे सी अर्चिनच्या गोत्रातला जीव. त्याच्या अंगात पाणी खेळविणाऱ्या नलिकांचे जाळे असते, आणि बाहूंच्या तळाशी असलेले शेकडो नलिकापाद याच पाण्याच्या दाबावर चालतात. निरोगी तारामाशाचा एखादा बाहू तुटला तर तो पुन्हा उगवतो, हे शाळेच्या पाठ्यपुस्तकामुळे सर्वांना ठाऊक आहे. या रोगात मात्र प्रथम त्वचेवर पांढुरके चट्टे उठतात, मग बाहू पिळवटू लागतात, आतल्या पाण्याचा दाब नाहीसा होऊन प्राणी हवा गेलेल्या फुग्यासारखा बसतो, आणि पुढे बाहू एकेक करून धडापासून सुटतात. ते सुटलेले बाहू काही काळ आपापल्या दिशेने सरपटत जातात, परंतु त्यांच्या जागी नवे काही उगवत नाही, आणि थोड्याच दिवसांत खडकावर जेथे प्राणी होता तेथे पांढरट लगदा तेवढा उरतो.

मेक्सिकोपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर वीसहून अधिक जातींना या रोगाने ग्रासले. सर्वांत मोठा आघात झाला तो सूर्यफूल तारामाशावर. हा प्राणी पूर्ण वाढला म्हणजे मीटरभर रुंद होतो आणि त्याला वीस ते चोवीस बाहू असतात. या जातीचे ५ अब्जांहून अधिक जीव या साथीत गेले, शेकडा नव्वदांहून अधिक संख्या नाहीशी झाली, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने तिची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत केली. सूर्यफूल तारामासा सी अर्चिन खातो, आणि सी अर्चिन केल्प नावाची प्रचंड सागरी वनस्पती खातात. खाणारा गेल्यावर अर्चिनांना धरबंद राहिला नाही. त्यातच समुद्राचे पाणी काही वर्षे अवाजवी तापले, आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची शेकडा ९५ केल्प वने उजाड झाली. केल्पवर पोसणाऱ्या अबलोन नावाच्या मोठ्या सागरी गोगलगाई उपासमारीने मेल्या, आणि त्या पकडण्याची हौशी पाणबुड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत २०१८ साली सरकारी हुकुमाने बंद करावी लागली. कोणाच्याही ताटात नसलेला एक प्राणी मेल्याचा परिणाम शेवटी माणसाच्या ताटापर्यंत असा पोहोचला.

आता पैशाकडे वळू. २०१४ साली कॉर्नेल विद्यापीठातील इयन ह्यूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्सोव्हायरस या विषाणूवर संशय व्यक्त केला. परंतु पुढील प्रयोगांत तो टिकला नाही, आणि मामला पुन्हा मूळपदावर आला. त्या काळात तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने तातडीची म्हणून जी अनुदाने दिली ती लहान आणि अल्प मुदतीची होती. वॉशिंग्टन राज्यातील लोकप्रतिनिधी डेनी हेक यांनी त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे असे विधेयक मांडले की, सागरी प्राण्यांत साथ उद्भवली असता ती आणीबाणी म्हणून जाहीर करावी आणि तिच्या तपासासाठी स्वतंत्र निधी असावा. ते विधेयक संमत झाले नाही. वास्तविक देवमासे, डॉल्फिन आणि सील यांच्या असाधारण मृत्यूंची चौकशी करण्याची तरतूद तेथील कायद्यात पूर्वीपासून आहे. ते सस्तन प्राणी आहेत, त्यांना डोळे आहेत, आणि ते किनाऱ्यावर वाहून आले तर मुलेही रडतात. तारामाशाला अशा कोणत्याही कलमाचा आधार नव्हता. समुद्रकिनाराच नसलेल्या अर्कान्सास राज्यातील एका शाळेच्या मुलांनी वर्गणी गोळा करून काहीशे डॉलर कॉर्नेलच्या ड्र्यू हार्वेल यांच्याकडे या संशोधनासाठी पाठविले, ही गोष्ट हृद्य खरी. परंतु जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या विज्ञानव्यवहारात शाळकरी मुलांच्या वर्गणीची गणना व्हावी, याला दुसरे नाव द्यावे असे वाटते.

अखेर जे यश आले ते कॅनडातील हकाई संस्थेच्या पथकाला. तिच्यामागे तुला फाउंडेशन हा खासगी न्यास उभा होता आणि अमेरिकेतील नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेचेही द्रव्यसाहाय्य होते. अलिसा गेमन, मेलनी प्रेंटिस, हार्वेल आणि इतरांनी चार वर्षे प्रयोग केले. पद्धत जुनीच होती. रोगी तारामाशाच्या देहपोकळीतील द्रव काढावयाचा, तो निरोगी तारामाशाला टोचावयाचा, आणि तोच द्रव तापवून वा सूक्ष्म गाळणीतून गाळून दुसऱ्या निरोगी प्राण्याला टोचून दोघांची गत पाहावयाची. पहिला मरे, दुसरा जगे. म्हणजे द्रवात काही सजीव होते. त्याचा माग काढता काढता ‘व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा’ हा जिवाणू सापडला, जो पटकीच्या जंतूचा भाऊबंद आहे. आधीच्या संशोधकांनी बव्हंशी शरीराच्या ऊतींची तपासणी केली होती आणि हा द्रव पाहिलाच नव्हता. चार वर्षे एकाच प्रश्नापाशी बसून राहण्याची मुभा ज्यांना मिळाली त्यांना उत्तर मिळाले, एवढे तरी यातून निघतेच.

पुण्याचा संबंध येतो तो १९५२ सालापासून. त्या वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. हीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. ट्रिनिदाद, ब्राझीलमधील बेलेम इत्यादी ठिकाणी रॉकफेलर प्रतिष्ठानाने अशाच प्रयोगशाळा उभारल्या होत्या, आणि डास, गोचीड यांसारख्या संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे हा त्या सर्वांचा हेतू होता. पाच वर्षांनी, १९५७ च्या प्रारंभी, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून वर्तमान आले की, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात वानरे आणि माकडे पटापट मरत आहेत आणि लगतच्या खेड्यांत तापाची साथ आहे. माणसांच्या आधी माकडे मरत आहेत हे ऐकल्याबरोबर पुण्यातील शास्त्रज्ञांच्या मनात धस्स झाले असल्यास आश्चर्य नाही. कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची चाल अगदी अशीच असते, आणि पीतज्वर वाहणारा डास हिंदुस्थानात विपुल असूनही तो रोग मात्र येथे कधी आलेला नव्हता.

केंद्राचे तत्कालीन संचालक टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो, टी. रामचंद्र राव आदी मंडळी या शोधात गुंतली. मेलेल्या माकडांचे शवविच्छेदन करावयाचे, अवयवांचे तुकडे बर्फात घालून पुण्यास आणावयाचे, त्यांचा अर्क उंदरांच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत टोचावयाचा आणि ती पिल्ले आजारी पडतात का ते पाहावयाचे, असा त्या काळचा विषाणू पकडण्याचा शिरस्ता होता. मार्च १९५७ मध्ये विषाणू हाती आला, आणि तो पीतज्वराचा नव्हता. रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदुज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते निघाले. जंगलातील गोचीड, विशेषतः ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही जात, त्याची वाहक ठरली. माणसाला तो झाला म्हणजे कडक ताप, असह्य डोकेदुखी, कधी रक्तस्राव, आणि शेकडा तीन ते पाच रोग्यांना मृत्यू. रोगाला क्यासनूर जंगलाचे नाव मिळाले. आपल्याकडे सिंधुदुर्गात त्यालाच माकडताप म्हणतात.

सायबेरियातील विषाणूचा आप्त कर्नाटकाच्या जंगलात कसा आला, या कोड्याने द्रव्याचे आणखी काही दरवाजे उघडले. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तो आणला असावा, अशी शंका निघाली, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत डॉ. सालिम अली यांनी कित्येक वर्षे मनाशी बाळगलेला पक्ष्यांना वाळे घालण्याचा उपक्रम १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मार्गी लागला. पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात या निव्वळ जिज्ञासेला जे मिळाले नव्हते ते रोगाच्या भीतीला मिळाले! पुढे याच क्षेत्रात अमेरिकी लष्कराचा पैसाही आला, त्यावरून वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, आणि १९७५ च्या सुमारास संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याने चालणाऱ्या संशोधनावर कडक ताशेरे ओढले. समितीचे सगळेच आक्षेप रास्त होते असे आम्हांस वाटत नाही. परंतु घरच्या तिजोरीतून ज्याची तरतूद झालेली नसते त्या ज्ञानावर परक्याचा शिक्का बसतो, ही त्यातील गोम नाकारता येत नाही. पुण्याच्या केंद्राचा प्रश्न त्यापूर्वीच सुटला होता. १९६७ पासून त्याचा सर्व खर्च भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदच करीत आली आहे, आणि डिसेंबर २०१२ मध्ये पाषाण येथे संस्थेची सर्वोच्च सुरक्षा-दर्जाची प्रयोगशाळा सुरू झाली.

या दीर्घ उद्योगाचे फळ महाराष्ट्राला प्रत्यक्ष मिळाले ते जानेवारी २०१६ मध्ये. दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तापाची साथ उद्भवली, भोवतालच्या जंगलात माकडे मरून पडलेली आढळली, आणि पुण्यात नमुन्यांची तपासणी होऊन माकडतापाचे निदान झाले. कोरड्या महिन्यांत, ऐन काजूच्या हंगामात, बागेत पालापाचोळा तुडवीत जाणाऱ्या माणसाला गोचीड चिकटते, आणि या काळातच साथ जोर धरते. काजूचा आणि या रोगाचा पूर्वेतिहास याहून गंभीर आहे. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केल्यानंतर या रोगाची फार मोठी साथ आली, तीत १५५५ माणसे आजारी पडली आणि १५० दगावली.

परंतु या सगळ्या व्यवहारात माकडाचे स्थान काय? तो रोगी नव्हे, तो चौकीदार. माकड मेले म्हणजे आसपास विषाणू आहे असे समजावे, ते मेले त्या जागेभोवती कीटकनाशक फवारावे आणि लोकांना सावध करावे, हा त्याच्या मरणाचा उपयोग. वानरांची संख्या या रोगाने किती घटली आणि त्या जंगलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही. यात आरोग्यखात्याचा दोष नाही. त्याला माणसांसाठी पैसा मिळतो आणि त्याने तो माणसांसाठीच खर्चावयाचा आहे. दोष असलाच तर तो असा की, दुसऱ्या बाजूचे खातेच आपण उघडलेले नाही. गिधाडे मरू लागली तेव्हा हेच घडले. प्रथम सर्वांनी साथीच्या रोगाचा संशय घेतला, आणि गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध खरे कारण आहे, हे २००४ साली उघडकीस आणले ते पेरेग्रिन फंड या अमेरिकी संस्थेच्या पाकिस्तानातील तपासाने.

माणसाशी काहीच देणेघेणे नसलेल्या रोगाचे उदाहरण पाहावयाचे तर तेही पुण्यातच सापडते. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी ‘बट्राकोकायट्रियम डेंड्रोबाटिडिस’ ही बुरशी गेल्या शतकाच्या अखेरीस ओळखली गेली. बेडूक त्वचेतून पाणी व क्षार यांचा व्यवहार चालवितो. बुरशी तो व्यवहारच बिघडविते आणि शेवटी त्याचे हृदय बंद पडते. २०१९ च्या एका अंदाजाप्रमाणे जगातील ५०१ उभयचर जातींची संख्या या रोगाने घटली आणि त्यांतील ९० जाती बहुधा नामशेष झाल्या. कण्याच्या प्राण्यांत कोणत्याही एका रोगाने इतका संहार केल्याची दुसरी नोंद नाही. आता सह्याद्रीतील बेडकांच्या शेकडा सत्त्याहत्तरांहून अधिक जाती अशा आहेत की त्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत; तेव्हा ही बुरशी येथे आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे होते. पुण्यातील आयसर या संस्थेतील नीलेश डहाणूकर, आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये, झू आउटरीच संस्थेचे संजय मोलूर आणि त्यांचे सहकारी यांनी ते पाहिले, आणि २०१३ साली त्यांचा निबंध ‘प्लॉस वन’ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की तारामाशांची साथ सुरू झाली तेही हेच वर्ष.

या कामाचे स्वरूप डोळ्यांसमोर आणून पाहावे. पावसाळ्यातील रात्र, घाटातला ओढा, डोक्याला विजेरी. दगडाच्या कपारीतून बेडूक अलगद धरावयाचा, कापसाचा बारीक बोळा लावलेली काडी त्याच्या पोटावरून, मांड्यांवरून आणि पायांच्या बोटांमधून फिरवावयाची, ती नळीत घालून नळीवर जागा आणि तारीख लिहावयाची, बेडूक होता तेथे सोडावयाचा, आणि एका बेडकाचा संसर्ग दुसऱ्याला लागू नये म्हणून हातमोजे बदलून पुढचा शोधावयाचा. उरलेले काम प्रयोगशाळेत, बुरशीचे जनुकीय द्रव्य ओळखण्याचे. उत्तर सह्याद्रीतील तीन जातींत बुरशी सापडली. ओढ्याकाठी राहणारा मुंबईचा रातबेडूक, ज्याची पिल्ले ओल्या कातळावर चिकटून वाढतात तो लीथचा उड्या मारणारा बेडूक, आणि झुडपांत अंडी घालणारा एक इवला बेडूक, अशा या तीन जाती. त्यांपैकी दोहोंवर बाहेरून काहीच लक्षण नव्हते. रातबेडकाच्या त्वचेवर मात्र व्रण होते, ती तपकिरी पडून सोलवटत होती. बुरशीचा वाण आशियातील मूळ वाणाशी जुळणारा निघाला. पुढे २०१८ मध्ये जगभरच्या नमुन्यांवरून या बुरशीचे उगमस्थान पूर्व आशिया असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा पुण्याच्या या निरीक्षणाचे महत्त्व अधिकच वाढले. कारण येथले बेडूक या बुरशीबरोबर दीर्घकाळ नांदत आले असतील तर त्यांच्या अंगी काही प्रतिकार असण्याचा संभव आहे, आणि उद्या दुसरा, अधिक घातक वाण बाहेरून आला तर तो प्रतिकार पुरेल का, हा पुढचा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर एका पावसाळ्यात मिळणारे नाही. त्याच ओढ्यांवर वर्षानुवर्षे जाऊन तेच बेडूक मोजले पाहिजेत, आणि आपली अनुदानपद्धती नेमकी येथेच तोकडी पडते. संशोधनाचा प्रकल्प साधारणतः तीन वर्षांचा. पहिले वर्ष मंजुरी, खरेदी आणि वनखात्याचे परवाने यांत जाते, तिसरे अहवाल लिहिण्यात, आणि मधले तेवढे ओढ्यावर. शिवाय अर्जात नवे काय करणार ते सांगावे लागते. ‘गेल्या वर्षी मोजले तेच पुन्हा मोजणार’ असे लिहिणाऱ्याचा अर्ज कोणता परीक्षक पुढे सरकवील? तारामाशांच्या प्रकरणात किती टक्के गेले हे सांगता आले त्याचे कारण असे की, प्रशांत किनाऱ्यावरील ठराविक खडकांवर काही विद्यापीठे आणि हौशी पाणबुडे साथीच्या कितीतरी आधीपासून तारामासे मोजीत आले होते. आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, त्याचे काम १९५९ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्राच्या प्राणिसृष्टीवरील त्या खात्याचे ग्रंथ २०१२ मध्ये निघाले. त्यांवरून कोणते प्राणी आहेत हे कळते. दरसाल किती आहेत, हे कळण्यासाठी वेगळी माणसे आणि वेगळी रक्कम लागते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर उद्या अशी साथ आली तर आधी किती होते, असे विचारताच आपण निरुत्तर होऊ.

सरकारकडे पैसा नाही असे नाही, परंतु राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.६४ एवढाच भाग आपण सर्व तऱ्हेच्या संशोधनावर मिळून खर्च करतो, त्यात बेडकाच्या वाट्याला काय येणार ते सांगावयास नको. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे ठरले, आणि त्यांपैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगांकडून आणि दानशूरांकडून यावेत अशी योजना आहे. उद्योगपती ज्यातून काही उत्पादन निघेल त्यावर पैसा लावणार हे उघड आहे, आणि तसे करण्याबद्दल त्यांना दोष देणे अप्रस्तुत आहे. मात्र कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाखाली नफ्याचे शेकडा दोन सामाजिक कामासाठी वेगळे काढावेच लागतात, प्राणी आणि वनस्पती यांचे संरक्षण त्या कामांच्या यादीत आहे, आणि सरकारी साहाय्यावर चालणारी विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनाही ती रक्कम देता येते. झाडे लावून छायाचित्र काढता येते, ओढ्यातील बेडूक मोजून काढता येत नाही, ही अडचण आम्ही जाणून आहोत.

तरीही पिंपरी-चिंचवड, चाकण आणि हिंजवडी येथील कंपन्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी या रकमेतील एक लहानसा हिस्सा शहरातील एखाद्या महाविद्यालयाला वा संस्थेला तीन वर्षांऐवजी दहा वर्षांसाठी लावून द्यावा. त्यातून एका संशोधन-साहाय्यकाचा पगार, एका गाडीचे इंधन आणि नमुन्यांच्या तपासणीचा खर्च भागला तरी ताम्हिणी किंवा भीमाशंकर येथील चार ओढ्यांची अखंड नोंद राहील. आणि सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरी भागात जाणाऱ्या वाचकांनी जंगलात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा वनपरिक्षेत्र कार्यालयात वर्दी द्यावी.